माध्यमिक शाळांचा घटता पट आणि शंभरावे मेंढरू

पवित्र शास्त्राचे भाषांतरकार संत जेरोम यांचा सण ख्रिस्तसभा ३० सप्टेंबर रोजी साजरा करते. महाराष्ट्रातील शाळांच्या कार्यालयांत मात्र ही तारीख निराळ्याच कारणाने ध्यानात राहते. या दिवशी शाळेच्या पटावर किती मुले आहेत, यावरून पुढच्या हिशेबाची मांडणी होते. किती तुकड्या, किती शिक्षक, मुख्याध्यापकाचे पद राहणार की जाणार, लिपिक मिळणार की नाही, हे सारे त्या एका आकड्यावर अवलंबून असते. शिक्षण खात्याच्या परिभाषेत या मांडणीस संचमान्यता म्हणतात. अलीकडच्या वर्षांत तर नाव हजेरीपटावर असून भागत नाही. ऑनलाइन नोंदीत मुलाच्या आधार क्रमांकाची पडताळणी झाली, तरच ते मूल मोजले जाते. ज्याच्या बोटांचे ठसे यंत्रावर नीट उमटत नाहीत, असे अपंग मूल प्रत्यक्ष बाकावर बसलेले असूनही हिशेबातून वगळले जाण्याची भीती असते. अशा मुलांच्या दृष्टीने आपल्या शहरातील माध्यमिक शाळांची स्थिती काय आहे, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. पुण्यात 'सरकारी माध्यमिक शाळा' हा शब्दप्रयोग आपण सैलपणे करतो. महानगरपालिकांच्या १९४९ च्या कायद्यानुसार प्राथमिक शिक्षण हे पालिकेचे बंधनकारक कर्तव्य आहे; माध्यमिक शिक्षण तिच्या ऐच्छिक कामांत मोडते. पुणे महानगरपालिका माध्यमिक विद्यालये चालविते हे खरे. परंतु सामान्य माणसाची मुले पाचवी ते दहावी ज्या शाळांत शिकतात, त्यांपैकी बहुसंख्य शाळा खाजगी संस्थांच्या आणि शासनाच्या वेतन अनुदानावर चालणाऱ्या आहेत. महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी १८६० सालची, डेक्कन एज्युकेशन सोसायटी १८८४ ची, तर कर्मवीर भाऊराव पाटलांची रयत शिक्षण संस्था १९१९ ची. आपल्या मिशनरी संस्थांच्या अनुदानित शाळाही याच पंक्तीत बसतात. इमारत संस्थेची, शिक्षक संस्थेचे, पगार शासनाचा, अशी ही जुनी भागीदारी आहे. शासनाने पदे मंजूर केली नाहीत, तर संस्थेने शिक्षक आणावा कोठून, हा प्रश्न म्हणूनच आपल्या दारात येऊन उभा राहतो.

पट का घटतो आहे? पहिले कारण घराघरांतच आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील एकूण प्रजनन दर १.७ इतका खाली आला आहे. लोकसंख्या स्थिर राहण्यास तो २.१ च्या आसपास असावा लागतो. दुसरे कारण शहराच्या नकाशात आहे. सदाशिव, शनिवार, नारायण या पेठांतील वाडे गेले, कुटुंबे सिंहगड रस्ता, वाघोली, आंबेगाव, हडपसरच्या पलीकडे राहावयास गेली. शाळा मात्र पेठांतच राहिल्या. २०१७ साली ११ आणि २०२१ साली आणखी २३ गावे पालिकेच्या हद्दीत आली. म्हणजे जेथे मुले आहेत तेथे अनुदानित माध्यमिक शाळा अपुऱ्या आणि जेथे नावाजलेल्या शाळा आहेत तेथे मुले अपुरी. तिसरे कारण इंग्रजी माध्यमाचे. याविषयी मराठी ख्रिस्ती समाजाने इतरांस बोल लावण्यात अर्थ नाही. आपणही आपली मुले तेथेच धाडली आहेत, आणि पुष्कळदा आपल्याच संस्थांच्या इंग्रजी शाळांत प्रवेश मिळावा म्हणून धर्मगुरूंकडे शिफारशीसाठी गेलो आहोत.

घटत्या पटाचा हा प्रश्न शासनाने ज्या नजरेने पाहिला, तिला एक पूर्वपीठिका आहे. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली आणि लाखोंच्या संख्येने खोटे विद्यार्थी पटावर असल्याचे उघड झाले. ज्या संस्थांनी हे केले त्यांनी गरिबांच्या मुलांचाच घास पळविला, याबद्दल दुमत नसावे. पुढे २ मे २०१२ च्या शासननिर्णयाने शिक्षकभरतीवर निर्बंध आले. भरती पुन्हा सुरू झाली ती अभियोग्यता चाचणी आणि 'पवित्र' संकेतस्थळामार्फत, आणि तीही तुकड्यातुकड्यांनी. मधल्या काळात जे शिक्षक निवृत्त झाले त्यांच्या जागी कोण शिकवीत होते? उत्तर सर्वांना ठाऊक आहे. संस्थेच्या तुटपुंज्या मानधनावर आलेले तरुण पदवीधर. नियमाने नेमलेल्या शिक्षणसेवकाची स्थितीदेखील फार निराळी नव्हती. जानेवारी २०२३ पासून माध्यमिक शिक्षणसेवकाचे मानधन दरमहा १८,००० रुपये झाले. त्यापूर्वी ते केवळ ८,००० रुपये होते. डिसेंबर २०२० मध्ये अनुदानित शाळांतील शिपायांची पदे संपुष्टात आणून त्याऐवजी ठोक भत्ता देण्याचा निर्णय झाला. ही बाब किरकोळ वाटेल. पण चाकाच्या खुर्चीवरील मुलाला पायऱ्यांवरून वर नेणारा आणि त्याला स्वच्छतागृहापर्यंत पोहोचविणारा माणूस शाळेत बहुधा शिपाईच असे.

२०२३ च्या शरद ऋतूत कमी पटाच्या शाळांचे एकत्रीकरण करून समूह शाळा उभारण्याची योजना पुढे आली. त्या वेळी ० ते २० पटाच्या १४,७८३ शाळा आणि त्यांत शिकणारी १,८५,४६७ मुले असा आकडा जाहीर झाला होता. पुणे जिल्ह्यातील पानशेतचा प्रयोग आदर्श म्हणून दाखविला गेला. त्यानंतर १५ मार्च २०२४ रोजी संचमान्यतेचे सुधारित निकष आले. या निकषांमुळे वीसपेक्षा कमी पटाच्या वरच्या वर्गांसाठी एकही नियमित शिक्षक मंजूर होत नाही, असा शिक्षक संघटनांचा मुख्य आक्षेप आहे, आणि तो रद्द व्हावा ही मागणी ५ डिसेंबर २०२५ च्या राज्यव्यापी शाळा बंद आंदोलनात अग्रस्थानी होती. शासनाची बाजूही अगदीच निराधार नाही. दहा मुलांसाठी गणित, विज्ञान आणि भाषांचे स्वतंत्र शिक्षक देणे राज्याच्या तिजोरीस परवडत नाही, आणि त्या दहा मुलांनाही सवंगडी, प्रयोगशाळा, क्रीडांगण यांची गरज असते. तथापि अहिल्यानगर जिल्ह्यातील जुन्या मिशनकार्याची आठवण असलेल्या वाचकांस हा वाद ऐकताना थोडे विचित्र वाटेल. आपल्या आजोबांच्या काळात गावात मिशनची एकशिक्षकी शाळा असे. एकच मास्तर मुलांना बाराखडी शिकवीत आणि सायंकाळी प्रार्थना चालवीत. त्या एका मास्तरांच्या बळावर आपल्यापैकी कितीतरी घराणी साक्षर झाली.

आता या हिशेबात विशेष गरजा असलेले मूल कोठे बसते ते पाहू. संचमान्यतेच्या तक्त्यात ते एक विद्यार्थी म्हणून मोजले जाते. त्यास अधिक वेळ, अधिक लक्ष, अधिक हात लागतात, याची नोंद त्या तक्त्यात होत नाही. इटलीने १९७७ साली सामान्य शाळांची दारे अपंग मुलांसाठी उघडली, तेव्हा कायद्यातच दोन तरतुदी केल्या: वर्गात आधार-शिक्षक द्यावयाचा आणि असे मूल असलेल्या वर्गाची संख्या वीसच्या वर जाऊ द्यावयाची नाही. तेथे वीस ही वर्गाची कमाल मर्यादा ठरली; आपल्याकडे तोच आकडा शाळा टिकण्याची किमान अट होऊन बसला आहे.

आपल्या देशात कायदे नाहीत असे मुळीच नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ याने २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांस मान्यता दिली. विशिष्ट अध्ययन अक्षमता, स्वमग्नता आणि बहुविकलांगता ही त्यांतच येतात. सहा ते अठरा वर्षे वयाच्या लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या बालकास मोफत शिक्षणाचा हक्क आहे. सर्वांसाठी असलेला शिक्षणहक्क कायदा आठवीपर्यंत म्हणजे चौदाव्या वर्षापाशी थांबतो. दिव्यांग बालकाचा हक्क मात्र नववी-दहावी ओलांडून पुढे जातो. योजनाही आहेत. १९७४ साली सुरू झालेल्या एकात्म शिक्षण योजनेची जागा माध्यमिक स्तरावर २००९-१० मध्ये नव्या समावेशक योजनेने घेतली. २०१८ पासून हे सर्व समग्र शिक्षा अभियानात विलीन झाले. त्या अभियानात प्रत्येक विशेष गरजा असलेल्या मुलामागे वर्षाला ३,५०० रुपयांपर्यंतची तरतूद आणि मुलींना दहा महिने दरमहा २०० रुपये विद्यावेतन आहे.

उणीव आहे ती माणसांची. सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑक्टोबर २०२१ रोजी रजनीश कुमार पांडे यांच्या याचिकेवर निकाल देताना विशेष शिक्षकांचे प्रमाण ठरवून दिले: प्राथमिक स्तरावर दहा मुलांमागे एक आणि त्यापुढे पंधरा मुलांमागे एक. राज्ये ढिम्म राहिल्यामुळे न्यायालयास मार्च २०२५ मध्ये पदे निश्चित करून जाहीर करण्याचे आदेश पुन्हा द्यावे लागले. महाराष्ट्राने २०२४ साली केंद्रस्तरावर विशेष शिक्षकांची ४,८६० पदे निर्माण करून वर्षानुवर्षे कंत्राटावर राबलेल्या जवळजवळ तीन हजार विशेष शिक्षकांना सामावून घेण्याचा मार्ग मोकळा केला. हे पाऊल निःसंशय स्वागतार्ह आहे. ज्या शिक्षकाला स्वतःच्या पुढच्या वर्षीची शाश्वती नाही, त्याने मुलाची दहा वर्षांची आखणी करावी अशी अपेक्षा आपण फार काळ बाळगली. परंतु साधा भागाकार करून पाहावा. राज्यात सर्व व्यवस्थापनांच्या मिळून एक लाखाहून अधिक शाळा आहेत. सारी पदे भरली गेली असे धरले, तरी एका विशेष शिक्षकाच्या वाट्यास वीसहून अधिक शाळा येतात. वर्षाचे शाळेचे दिवस २२० धरले, तर एका शाळेस वर्षातून दहा-अकरा दिवस. त्यातून 'केंद्र' ही रचना मुळात प्राथमिक शाळांसाठी उभारलेली असल्याने माध्यमिक शाळा या फेरीच्या कडेलाच राहतात. विशेष शिक्षक येतो, यादी तपासतो, प्रमाणपत्रांच्या प्रती घेतो, पालकांशी चार शब्द बोलतो आणि पुढच्या शाळेकडे निघतो. दोष त्याचा नाही.

अंध, कर्णबधिर आणि मतिमंद मुलांसाठी पुण्यात जुनी, नावाजलेली केंद्रे आहेत. १९३४ पासूनची अंधशाळा, कर्णबधिरांसाठीचे रुईया विद्यालय, गोखलेनगरची कामायनी या संस्थांच्या सेवेस पुणेकर ओळखतात. ज्यांचे दिव्यांगत्व डोळ्यांस दिसत नाही, त्या मुलांची स्थिती अधिक बिकट आहे. २००७ साली 'तारे जमीन पर' हा चित्रपट आला. त्यातील निवासी शाळेचे चित्रण आपल्याच धर्मप्रांतातील पाचगणीत झाले. चित्रपट पाहून आपण सर्वांनी डोळे पुसले आणि दुसऱ्या दिवशी मुलाच्या वहीतील चुका पाहून त्याला पुन्हा आळशी म्हणावयास मोकळे झालो. विशिष्ट अध्ययन अक्षमतेचे निदान आठव्या वर्षापासून करता येते. २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तपासणी आठव्या, चौदाव्या आणि अठराव्या वर्षी व्हावयाची असते. निदान व्हावयाचे ते मूल ज्या भाषेत शिकते त्या भाषेत. 'डाली' नावाची चाचणीमालिका राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने हिंदी आणि कानडीबरोबर मराठीतही तयार केली आहे. तथापि तिचा उपयोग करणारा समुपदेशक मराठी माध्यमाच्या शाळेत असेल तरच त्या मुलास लाभ! इंग्रजी शाळांतील सुस्थितीतील पालक खाजगी मानसशास्त्रज्ञाकडे जाऊ शकतात. मराठी शाळेतील मोलकरणीच्या किंवा रिक्षाचालकाच्या मुलाचे निदान आठवीपर्यंत सहसा होत नाही. वरच्या वर्गात ढकलले जाणे हेच त्याचे शिक्षण.

मग नववी येते. दहावीचा निकाल शंभर टक्के लागावा, त्याचा फलक प्रवेशद्वारावर झळकावा, पुढच्या वर्षी पट वाढावा, ही साखळी आपण जाणतो. घटत्या पटाने ती अधिक घट्ट केली आहे. वाचता न येणारे मूल या साखळीत अडचणीचे ठरते. नववीत नापास करणे, शाळा सोडल्याचा दाखला हाती देणे, किंवा 'याला १७ नंबरचा फॉर्म भरू द्या, घरी अभ्यास करू द्या' असे समजुतीच्या सुरात सांगणे, हे त्यावरचे प्रचलित उपाय. १७ नंबरच्या अर्जाने खाजगीरीत्या दहावीस बसण्याची सोय शाळा सुटलेल्या, कामकरी माणसांसाठी आहे आणि ती उत्तम सोय आहे. शाळेने आपला निकाल राखण्यासाठी पंधरा वर्षांच्या मुलाला त्या वाटेस लावणे ही तिची विटंबना होय. पटाच्या आणि निकालाच्या दडपणाखाली असे प्रकार सर्व संस्थांत घडतात, आणि क्रूस लावलेल्या दारांमागेही ते घडत नाहीत असे छातीठोकपणे आपण म्हणू शकतो का?

येथे अल्पसंख्याकांच्या हक्कांचा प्रश्न उपस्थित होतो. घटनेच्या ३० व्या कलमाने आपल्याला शाळा स्थापण्याचा व चालविण्याचा अधिकार दिला आहे. ६ मे २०१४ च्या प्रमती निकालाने अल्पसंख्याक शाळांना शिक्षणहक्क कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवले. १ सप्टेंबर २०२५ रोजी न्या. दीपंकर दत्ता आणि न्या. मनमोहन यांच्या खंडपीठाने पहिली ते आठवीच्या कार्यरत शिक्षकांसही पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, अनिवार्य ठरविली. ज्यांच्या निवृत्तीस पाच वर्षांहून अधिक काळ उरला आहे, त्यांना ती दोन वर्षांत उत्तीर्ण व्हावी लागेल, असा तो आदेश होता. आपल्याकडील माध्यमिक शाळा बहुधा पाचवीपासून भरते, त्यामुळे तेथील शिक्षकांनाही याची झळ पोहोचते. अल्पसंख्याक संस्थांपुरता मुद्दा खंडपीठाने मोठ्या पीठाकडे सोपविण्यासाठी पाठविला, आणि प्रमती निकालाच्या योग्यतेविषयीच शंका व्यक्त केली. आपल्या संस्थांतून या घडामोडीकडे संकट म्हणून पाहिले जात आहे, आणि ती चिंता रास्त आहे.

परंतु एक बाब आपल्या चर्चांतून निसटते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे १६ वे कलम शासनाच्या अनुदानावर चालणाऱ्या किंवा शासनमान्यता असलेल्या सर्व शैक्षणिक संस्थांसंबंधी आहे. भेदभावाविना प्रवेश, वैयक्तिक गरजेनुसार सोयी, आणि अध्ययन अक्षमतेचा लवकरात लवकर शोध ही कर्तव्ये त्यात नमूद आहेत. शिक्षणहक्क कायद्यातून मिळालेली सूट येथे कामी येत नाही. व्यवस्थापनाच्या हक्कात गैरव्यवस्थापनाचा हक्क अंतर्भूत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने केरळ शिक्षण विधेयकासंबंधी १९५८ सालीच सांगून ठेवले आहे. कायद्याच्याही अगोदर ख्रिस्तसभेची स्वतःची शिकवण आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी प्रसृत केलेल्या ख्रिस्ती शिक्षणविषयक जाहीरनाम्यात, निसर्गतः काही उणीव असल्यामुळे ज्यांना विशेष काळजीची गरज आहे अशांसाठीच्या शाळांचा स्वतंत्र उल्लेख आहे. त्या जाहीरनाम्याच्या साठाव्या वर्षानिमित्त पोप लिओ चौदावे यांनी २७ ऑक्टोबर २०२५ रोजी शिक्षणविषयक प्रेषितीय पत्र लिहिले आणि त्यातही गरीब व दुर्बळ यांची बाजू घेतली. नव्व्याण्णव मेंढरे मागे ठेवून एकाच्या शोधात निघालेला मेंढपाळ संचमान्यतेच्या निकषांत बसला नसता, हे खरे.

आपल्या संस्थांना जे स्वातंत्र्य आहे त्याचा उपयोग येथे होऊ शकतो. अल्पसंख्याक अनुदानित शाळेला आपले शिक्षक स्वतः निवडता येतात. निवड करताना धर्मग्रामातील शिफारशीपेक्षा विशेष शिक्षणाची पदविका अधिक मोलाची मानली, तर निदान एक तरी प्रशिक्षित व्यक्ती शाळेत येईल. शुल्क आकारणाऱ्या आपल्या मोठ्या इंग्रजी शाळांत समुपदेशक आहेत; त्याच संस्थेच्या किंवा शेजारच्या धर्मग्रामातील मराठी शाळेसाठी त्यांचे आठवड्यातून दोन दिवस देता येण्याजोगे आहेत. घटत्या पटामुळे रिकामे झालेले वर्गही आहेत. एक खोली संसाधन कक्षासाठी राखण्यास कोणाच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही. आणि अतिरिक्त ठरलेल्या शिक्षकाचे दूरच्या शाळेत समायोजन होण्यापूर्वी, त्याला विशेष शिक्षणाचे प्रशिक्षण देऊन त्याच भागातील शाळांत नेमावे, ही मागणी आपल्या शिक्षण मंडळांनी शिक्षण आयुक्तालयापुढे मांडावी. आयुक्तालय, राज्य मंडळ, बालभारती आणि शैक्षणिक संशोधन परिषद ही सर्व कार्यालये पुण्यातच आहेत. शिष्टमंडळास रेल्वेचे तिकीटदेखील काढावे लागणार नाही.

पालकांसाठी काही व्यावहारिक गोष्टी. मूल तिसरी-चौथीत असूनही अक्षरे उलटी लिहीत असेल, वाचताना ओळ हरवत असेल, तोंडी उत्तर अचूक देऊन कागद कोरा ठेवीत असेल, तर शिकवणी बदलण्यापूर्वी तपासणी करून घ्यावी. प्रमाणपत्र अधिकृत शासकीय रुग्णालयाचेच लागते. ससूनसारख्या ठिकाणी गर्दी असते आणि एकाहून अधिक फेऱ्या होतात, हे गृहीत धरून आठवीतच सुरुवात करावी. चौदाव्या वर्षीची फेरतपासणी विसरू नये. दहावीच्या परीक्षेत तासामागे वीस मिनिटे अधिक वेळ, लेखनिक, तसेच भाषेसंबंधीच्या सवलती मिळू शकतात; त्यांचा प्रस्ताव शाळेमार्फत पुणे विभागीय मंडळाकडे जातो, आणि तो वेळेत पाठविणे ही मुख्याध्यापकांची जबाबदारी आहे. शाळेने १७ नंबरचा अर्ज सुचविल्यास तो भरण्याआधी सूचना लेखी मागावी.